चलनावरचा शिक्का आणि अडकलेलं बिल: पुण्यातल्या लघुउद्योजकासाठी वसुलीची वाट

चाकणच्या कंपनीच्या गेटवर टेम्पो लागतो, माल उतरतो, चलनाच्या कॉपीवर सिक्युरिटीवाला शिक्का मारतो आणि ड्रायव्हर भोसरीला परत येतो. दहा महिन्यांनी तेच बिल अडकलं की वकील पहिल्यांदा हे चलन मागतो. शिक्क्यावर तारीख वाचता येते का, नग लिहिलेत का, पीओ, म्हणजे खरेदी ऑर्डरचा, नंबर टाकलाय का, एवढ्यावर अर्धा दावा ठरतो. बहुतेक वर्कशॉपमध्ये ही कॉपी ड्रायव्हरच्या डॅशबोर्डवर उन्हात पिवळी पडलेली असते.

पैसे कोर्टातून किती दिवसांत निघतात, यावर बाजारातली उधारी चालते. वसुलीची खात्री नसली की ती भीती भावात चढते. त्याच जॉबचा रोख दर वेगळा आणि नव्वद दिवसांचा वेगळा, हे हडपसरपासून रांजणगावपर्यंत कुठेही विचारा. छोट्या पुरवठादाराला मोठ्या गिऱ्हाइकावर कोर्टात जाणं परवडत नाही, हे गृहीत धरूनच १९९३ मध्ये उशिरा दिलेल्या पैशांवर व्याज लावणारा स्वतंत्र कायदा आला. त्याची जागा पुढे २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास कायद्याने घेतली. आजची सगळ्यात धारदार हत्यारं याच कायद्यात आहेत. ती तारखेवर आणि कागदावर चालतात, म्हणून सुरुवात बिल थकण्याच्या कितीतरी आधी करायची.

आधी आपली कागदपत्रं

उद्यम नोंदणी, म्हणजे या कायद्याखालची उपक्रमाची सरकारी नोंद, पहिल्या ऑर्डरच्या आधी हवी. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते आणि आधार व पॅनवर तासाभरात उरकते. त्यासाठी एजंटला दोन-तीन हजार देण्याचं काहीच कारण नाही. नोंदणी नंतर केली तर काय, यावर सर्वोच्च न्यायालयात दोन सूर आहेत. २०२२ च्या महाकाली फूड्स निकालात म्हटलं होतं की कराराच्या वेळी नोंदणी नसलेल्याला मागच्या व्यवहारासाठी हा लाभ मिळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने वेगळा विचार मांडून प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला. आपल्या बिलावर हा वाद ओढवून घेऊ नका. नोंदणी आधी करा आणि उद्यम क्रमांक प्रत्येक टॅक्स इन्व्हॉइसवर, कोटेशनवर, लेटरहेडवर छापा.

उशिराच्या पैशांचं संरक्षण फक्त सूक्ष्म आणि लघु उपक्रमाला आहे, मध्यम उपक्रमाला नाही. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म म्हणजे यंत्रसामग्रीत अडीच कोटी आणि उलाढालीत १० कोटींपर्यंत. लघु म्हणजे २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत. व्यापाऱ्यांचा इथे हमखास घोटाळा होतो. जुलै २०२१ पासून घाऊक आणि किरकोळ विक्रेत्यांना उद्यम क्रमांक मिळतो, पण तो बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता. भवानी पेठेतला हार्डवेअरचा होलसेलर त्या क्रमांकावर थकबाकीचं व्याज मागू शकत नाही. शेड उभारणी, वायरिंग, इन्स्टॉलेशन अशी माल आणि मजुरी एकत्र असलेली ठेक्याची कामं करणाऱ्यांनीही सावध राहावं. अशा ठेक्यांना हा कायदा लागू होत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने काही निकालांत घेतली आहे.

भागीदारी फर्म असेल तर ती रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदलेली आहे का, हे आजच बघा. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ नुसार अनोंदणीकृत फर्मला कराराच्या जोरावर बाहेरच्या पार्टीवर दावा लावता येत नाही. दोन भावांनी वीस वर्षं उत्तम धंदा केला आणि पहिला दावा लावताना हे कळलं, असं होतं. दावा लावून झाल्यावर केलेली नोंदणी त्या दाव्याला वाचवत नाही.

पंधरा दिवस आणि पंचेचाळीस दिवस

कायद्याचं घड्याळ माल स्वीकारल्याच्या दिवसापासून सुरू होतं. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. लेखी मुदत ठरली असली तरी ती ४५ दिवसांच्या वर जाऊ शकत नाही. पीओच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात नव्वद दिवस लिहिले असतील आणि तुम्ही सही केली असेल, तरी व्याज ४६ व्या दिवसापासूनच मोजायचं.

स्वीकारणं म्हणजे नेमकं काय? माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं कायदा मानतो. हरकत घेतली, तर तुम्ही ती दूर केल्याच्या दिवसापासून मोजणी सुरू होते. म्हणून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची कंपनीच्या स्टोअरची नोंद, मागून घ्या. काही ठिकाणी ती व्हेंडर पोर्टलवर दिसते. तिचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा, कारण व्यवहार बिघडला की व्हेंडर लॉगिन बंद होतं. पोर्टलच नसेल तर डिलिव्हरीच्या संध्याकाळी परचेसला दोन ओळींचा ईमेल टाका: अमुक चलन, अमुक नग, अमुक वेळी गेटवर दिले. या ईमेलला उत्तर न येणंही तुमच्याच बाजूने जातं.

क्वालिटी रिजेक्शन ही खरी लढाई आहे. आठ महिने गप्प बसलेली पार्टी नोटीस गेल्यावर एकदम डेबिट नोट, म्हणजे बिलातून रक्कम कापल्याचा कागद, काढते आणि म्हणते, चाळीस टक्के माल नापास होता. तिला विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. तपासणी अहवाल कुठल्या तारखेचा? रिजेक्ट माल परत पाठवला असेल तर त्याचं चलन आणि ई-वे बिल कुठे आहे? तो माल वापरून पुढचं उत्पादन निघालं का? उत्तरं नसतील तर डेबिट नोट पडते. पण ती नोट महिनोन्‌महिने तुमच्या मेलबॉक्समध्ये पडून असेल आणि तुम्ही अवाक्षर काढलं नसेल, तर तीच तुमच्या अंगावर येते. चुकीची डेबिट नोट आली की दोन-तीन दिवसांत लेखी नाकारा. फोनवर भांडलेलं कागदावर येत नाही.

व्हॉट्सॲपवर ‘सर, पुढच्या आठवड्यात करतो’ असं आलेलं असतं. ते उपयोगी आहे, पण नुसता प्रिंटआउट पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग मोबाइल वापरणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड, लिहायची असते. मोबाइल बदलताना चॅट उडवू नका. जुना हँडसेट केस संपेपर्यंत कपाटात ठेवा.

व्याज किती, ते आधी मोजा

रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ. रेपो रेट आणि बँक रेट वेगळे आहेत. बरेच जण रेपो धरून हिशेब चुकवतात. समजा बँक रेट ५.५ टक्के आहे. तिप्पट म्हणजे १६.५ टक्के, महिन्याला १.३७५. चार लाखांचं बिल मुदत उलटून बारा महिने थकलं तर व्याज सुमारे ७१,२०० रुपये होतं. सरळ व्याजाने ते ६६,००० झालं असतं. मधल्या काळात दर बदलला असेल तर त्या त्या महिन्याला तो तो दर लावून एक्सेल शीट करा. प्रत्येक बिलाची ओळ वेगळी ठेवा: बिल तारीख, स्वीकृतीची तारीख, देय तारीख, आलेली रक्कम, शिल्लक. पाच बिलांची एकच बेरीज करून नेलेला हिशेब परत येतो.

मार्चमधलं एक पत्र

नोटिशीच्या आधी एक मऊ हत्यार आहे. आयकर कायद्याच्या कलम ४३ब मध्ये (एच) हा खंड २०२३ मध्ये आला आणि १ एप्रिल २०२४ पासून अमलात आला. सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे वरच्या मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही; पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच दाखवता येतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमाचा क्रमांक बदलला, तरतूद कायम आहे. शिवाय कायद्यानुसार द्यावं लागलेलं विलंबाचं व्याज करात वजा मिळत नाही ते वेगळंच.

फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या पहिल्या आठवड्यात परचेसला पत्र लिहू नका, अकाउंट्सला लिहा. सोबत उद्यम प्रमाणपत्र, थकीत बिलांची यादी आणि लेजर जोडा. तीन गोष्टींची आठवण करून द्या. खर्च नामंजूर होईल. बिलापासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं जीएसटी क्रेडिट उलटवावं लागतं. आणि कंपनी असेल तर ४५ दिवसांवरच्या थकबाकीचा एमएसएमई-१ हा फॉर्म दर सहा महिन्यांनी, ३१ ऑक्टोबर आणि ३० एप्रिलपर्यंत भरावा लागतो. ऑडिटरच्या टेबलावर हे पत्र गेलं की बऱ्याचदा चेक निघतो, आणि संबंधही तुटत नाहीत. काही पार्ट्या याला उत्तर म्हणून ‘उद्यम नोंदणी रद्द करून या, मग ऑर्डर देतो’ म्हणतात. ती ऑर्डर घ्यायची की नाही हा तुमच्या पोटाचा प्रश्न, पण त्यानंतरच्या उधारीला पाठीशी काहीही उरत नाही.

याच पत्रासोबत बॅलन्स कन्फर्मेशन पाठवून सही-शिक्का घ्या. पैशाच्या दाव्याची मुदत ३ वर्षं असते. ती संपण्याआधी खरेदीदाराने थकबाकी लेखी मान्य केली, तर त्या दिवसापासून ३ वर्षं पुन्हा सुरू होतात. मुदत संपून गेल्यावर घेतलेल्या सहीने ते होत नाही.

२५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत ट्रेड्स प्लॅटफॉर्मवर नोंदणी करायची होती. गिऱ्हाईक तेवढं मोठं असेल तर बिल तिथे चढवायला सांगा. त्याने ते मान्य केलं की बँक तुम्हाला बट्टा कापून लगेच पैसे देते, आणि पुढे खरेदीदाराने बुडवले तरी बँक तुमच्या मागे लागत नाही. नवी ऑर्डर घेतानाच हे बोलून ठेवलेलं बरं.

कौन्सिलकडे अर्ज

पत्राने हललं नाही तर सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषद, रोजच्या बोलण्यात कौन्सिल. पुण्याची परिषद उद्योग सहसंचालकांच्या अखत्यारीत आहे. अर्ज ऑनलाइन होतो. त्यासाठी समाधान पोर्टल २०१७ मध्ये सुरू झालं आणि २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन तंटानिवारणाचं नवं पोर्टल आणलं. अर्जाच्या दिवशी कुठल्या पोर्टलवर भरायचं ते आधी बघून घ्या. पीओ, इन्व्हॉइस, चलन, जीआरएन, लेजर, व्याजाचं शीट, उद्यम प्रमाणपत्र आणि पत्रव्यवहार स्वतंत्र पीडीएफमध्ये, तारखेच्या क्रमाने लावा.

या वाटेचा मोठा फायदा असा की परिषद पुरवठादाराच्या गावची चालते. खरेदीदार चेन्नईचा असो की गुरुग्रामचा, सुनावणी पुण्यात. पीओमध्ये ‘वाद मुंबईत, आम्ही नेमलेल्या लवादापुढे’ असं कलम असलं तरी या कायद्याची तरतूद त्यावर चढते, हे महाकाली फूड्स निकालाने स्पष्ट केलं. आधी समेटाचा प्रयत्न होतो. तो फसला तर परिषद स्वतः लवाद चालवते किंवा दुसऱ्या संस्थेकडे सोपवते. कायद्यात ९० दिवस लिहिलेत, पण त्या हिशेबाने रोख रकमेचं नियोजन करू नका. लवादाला ३ वर्षांची मुदत लागू आहे. कालबाह्य बिलासाठी समेटाला बसता येतं, लवाद मात्र मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं. खरेदीदारही तिथे प्रतिदावा करू शकतो. म्हणून डेबिट नोटांची फाइल पहिल्या दिवसापासून सोबत हवी.

निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि खरेदीदाराला तो रद्द करून घ्यायचा असेल, तर आधी निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम भरावी लागते. बहुतेक तडजोडी इथे होतात. तुमचं बळ याच टप्प्यावर सर्वांत जास्त असतं, तेव्हा घाईने मुद्दलावर पाणी सोडू नका. सोडायचंच तर व्याजातलं सोडा.

चेक परत आला तर

इथे एक दिवस चुकला की फौजदारी वाट अवघड होते. चेकवरच्या तारखेपासून ३ महिन्यांत तो बँकेत भरायचा. परत आल्याचा मेमो बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यापासून त्याला पैसे द्यायला १५ दिवस. तेही गेले तर पुढच्या एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार. हे १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १३८. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार दाखल व्हायला थोडा उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफी मागता येते. नोटिशीच्या उशिराला अशी सोय नाही. मेमो जुना झाला असेल आणि चेकचे ३ महिने अजून उरले असतील, तर तो पुन्हा भरा. नव्या मेमोपासून नवी ३० दिवसांची मोजणी धरता येते.

नोटिशीत चेकचीच रक्कम मागायची. व्याज, वकील फी, इतर थकबाकी त्याच आकड्यात मिसळली की नोटीस कोसळते. रक्कम टाइप करताना झालेली चूकसुद्धा माफ होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं. जास्तीची मागणी स्वतंत्र परिच्छेदात, स्वतंत्र आकड्यात लिहा.

दुसरा खड्डा याहून खोल. पाच लाखांचा चेक हातात आहे, मधल्या काळात दोन लाख एनईएफटीने आले, तरी चेक तसाच भरला. तो परत आला तरी केस टिकत नाही, कारण चेक भरला त्या दिवशी देणं पाच लाख उरलेलंच नव्हतं. २०२२ च्या निकालाने हे पक्कं केलं. नवा तीन लाखांचा चेक घ्या, किंवा आलेले दोन लाख जुन्या चेकवर नोंदवून उरलेल्यासाठीच तो भरा.

कंपनीचा चेक असेल तर कंपनीला आरोपी करणं सक्तीचं आहे. फक्त सही करणाऱ्या डायरेक्टरवर तक्रार चालत नाही. नोटीस कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर आणि डायरेक्टरलाही पाठवा. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे. स्पीड पोस्टाची पावती, ट्रॅकिंगची प्रिंट आणि पोचपावती जपून ठेवा. पत्ता बरोबर असेल आणि पाकीट ‘घेण्यास नकार’ शेऱ्याने परत आलं, तर नोटीस मिळाली असं कोर्ट मानतं. ते पाकीट फोडू नका. तक्रार तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात होते, म्हणून भोसरीतल्या पुरवठादाराला सुरतच्या पार्टीसाठी सुरत गाठावं लागत नाही. आरोपीने गुन्हा नाकारल्यावर चेकच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईचा अर्ज करता येतो. वकिलाला तो आठवणीने करायला सांगा.

दिवाणी दावा

ज्यांना कौन्सिल मिळत नाही, म्हणजे व्यापारी, मध्यम उपक्रम, ठेकेदार, त्यांना ही वाट. व्यापारी वाद ३ लाख किंवा त्याहून मोठा असेल तर २०१५ चा वाणिज्यिक न्यायालय कायदा लागतो. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. २० ऑगस्ट २०२२ नंतर ती टाळून लावलेला दावा फेटाळला जातो. अर्ज शिवाजीनगरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, फी १,००० रुपये. समोरचा आलाच नाही तर ‘मध्यस्थी सुरू झाली नाही’ असा अहवाल मिळतो, तो दाव्याला जोडायचा. मध्यस्थीत गेलेले दिवस ३ वर्षांच्या मुदतीतून वगळले जातात.

लेखी करार, बिल किंवा चेक हाताशी असेल तर वकिलाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ चा समरी (झटपट) दावा शक्य आहे का, हे विचारा. त्यात समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत प्रतिवादीला हजेरी नोंदवावी लागते आणि बचाव करायला आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते.

उच्च न्यायालयात अपिलाचं काम निघालं तर पुणेकराला अजून मुंबईच गाठावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, सातारा-सांगली-सोलापूर तिकडे गेले, पुणे मात्र गेलं नाही.

हुकूमनामा हातात, पैसे नाहीत

निकालानंतर दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावावी लागते, आणि तिथे पुन्हा कागद लागतात: समोरच्याचं बँक खातं, मशिनरी, जागा, त्याला ज्या कंपन्यांकडून येणं आहे त्यांची नावं. ही माहिती संबंध चांगले असतानाच सहज मिळते. त्याने पूर्वी दिलेल्या प्रत्येक चेकची झेरॉक्स काढून ठेवा. त्यावर खातं आणि शाखा दोन्ही असतात. लवादाचा निवाडा असेल तर मालमत्ता जिथे आहे तिथल्या कोर्टात थेट दरखास्त चालते, आधी पुण्यातून ती तिकडे वर्ग करून घ्यायची गरज नाही. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, असे सर्वोच्च न्यायालयाचे २०२१ चे निर्देश आहेत. तारीख पुढे ढकलली जात असेल तर अर्जात ते नमूद करायला लावा.

वकिलाच्या फीवाचून अडत असेल तर शिवाजीनगरच्याच प्राधिकरणात मोफत विधी साहाय्याचा अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. मसाल्याचा किंवा शिवणकामाचा छोटा धंदा चालवणाऱ्या बाईंना त्यामुळे चेक परत आल्याच्या केससाठीही सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. आधार, जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला लागू असेल तो, आणि केसचे कागद घेऊन जा. चालू केस लोकअदालतीत ठेवून मिटली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील होत नाही. म्हणूनच हप्ते ठरवताना प्रत्येक हप्त्याची तारीख, रक्कम, आणि एक हप्ता चुकला तर संपूर्ण शिल्लक व्याजासह लगेच देय होईल ही ओळ, सही करण्याआधी त्यात लिहून घ्या.